मागे किती

विंचेस्टर बे, ऑरेगन. सकाळचे आठ.
शटर वर जातं, धुक्यातून आधी समुद्राचा आवाज येतो,
मग गिऱ्हाईक.
बिल्ल्यावर माझं नाव इंदुमती आहे,
सगळे इंडी म्हणतात. मी ओ देते.

डोकी मोजणं हे माझं काम.
भुवईच्या वर एक बोट, तिथून टेप.
सत्तावन्न. मीडियम.
इचलकरंजीत वडील टोप्या शिवायचे,
नजरेनंच माप घ्यायचे.
मी टेपच घेते. नजरेला भलत्या वेळी दया येते.
पट्टा लावा. हनुवटीखाली दोन बोटं जातात?
तिसरं जाता कामा नये.

मग परवचा म्हणावा तसं म्हणते:
एका माणसाची गाडी एकाच माणसाची,
मागे कुणाला घ्यायचं नाही, कितीही प्रेम असलं तरी.
घोटा झाकेल असा बूट.
नाही सर, महागाची असली तरी ती चप्पलच.
बिअर संध्याकाळी.
वाळूच्या टेकाडाला सरळ भिडा, आडवे जाऊ नका.
माथ्यावर वेग उतरवा,
पलीकडे वाळू आहे की नुसतीच हवा
हे वारा रोज रात्री नव्यानं ठरवतो.
आणि हे निशाण. नारिंगी, जमिनीपासून नऊ फूट.
तुम्ही दिसायच्या आधी ते दिसतं.

इथे कुणीतरी हसतंच.

टकर लिंडहोमही हसला होता. एकोणीस वर्षांचा,
डोकं साठ, लार्ज, केस ओले.
"मॅम, मी चालायच्या आधीपासून गाडीवर बसतोय."
मी म्हटलं, "मग परत चालत ये."
असलं काहीतरी आपण बोलून जातो.

निशाणाची काठी मानेवर फटफट वाजते म्हणून
पहिल्या टेकाडामागे त्यानं ती काढून वाळूत रोवली.
नंतर ती तिथेच सापडली, सरळ उभी,
एखाद्याने जागा धरून ठेवावी तशी.
समोरून येणारा रोझबर्गचा सुतार. सगळे नियम पाळणारा.
दोघांच्या मधे एकच माथा होता.
तो सुतार अजून महिन्यातून एकदा फोन करतो,
हवा कशी आहे विचारतो,
मी हवा सांगते.

हेल्मेट परत आलं.
पट्टा नीट लावलेला. मी बोटं घालून पाहिली.
दोन जात होती. तिसरं जात नव्हतं.

त्यानंतर मी परवचा म्हणत नाही.
एकेक वाक्य बोलते, समोरच्याच्या डोळ्यांत बघून,
मालक म्हणतो, रांग लागते. लागू दे.

शेवटचा नियम हातांचा.
अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं
तर आपल्यामागे किती आहेत ते बोटांनी दाखवायचं.
मागे तिघं, तीन बोटं. मागे एक, एक.
सगळ्यात शेवटी जो असेल त्यानं मूठ.
मूठ म्हणजे माझ्यामागे कोणी नाही.
हे शिकवताना रोज मीही मूठ वर करते,
आणि ते वाक्य खोलीत जरा जास्तच वेळ राहतं.

ऑक्टोबरात एक बाई आली. एकटी.
परवाना बघून मी काही विचारलं नाही,
आडनाव वाचता येतं मला.
भुवईच्या वर बोट ठेवलं, टेप फिरवली.
साठ.
"त्याचं डोकं माझ्यावर गेलं होतं," ती म्हणाली,
आणि निशाण स्वतः बसवलं, दोनदा ओढून पाहिलं.

चार तासांची गाडी तिनं तासाभरात आणली.
मी दारातच उभी होते, कामं सोडून.
आधी धुक्यावर नारिंगी ठिपका,
बऱ्याच वेळानं खाली ती.
वाट मोकळी होती, समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं,
तरी तिनं डावा हात वर केला.
मूठ.

मीही हात वर केला.
किती बोटं दाखवायची ते सुचेना.