दोनची आटपाडी

बैठक हळदीच्या पेठेत,
आवटींच्या पेढीवर, वरच्या मजल्यावर,
कारण जागा फुकट.
देशाच्या संघाला प्रशिक्षक निवडायचा
आणि खुर्च्या पाच. त्यातली डुगडुगती माझी.

खाली सौदे चाललेले.
रुमालाखाली बोटं दाबायची रीत गेली म्हणतात,
आता उघड बोली लागते.
वरच्या मजल्यावर रुमाल अजून आहे.

दस्तगीरभाई शिकलगार गेल्या महिन्यात सोडून गेले.
राजीनामा नाही, पत्र नाही,
टेबलावर शिट्टी ठेवली, दोरी नीट गुंडाळून.
अकरा वर्षं, चार विजय.
अध्यक्ष म्हणतात, चारच.
त्या चारांतल्या एकात मी होते, उजव्या कडेला,
थंडी पडली की खांदा अजून तारीख सांगतो.

पहिला उमेदवार लॅपटॉपमधून आला,
समुद्रापलीकडून, पाठीमागं हिरवंगार मैदान.
आमच्या पोरींचं पळणं, पडणं, दमणं
सगळं टक्क्यांत मांडलं त्यानं, रंगीत.
मग गोठला, तोंड उघडं ठेवून.
आवटींनी भडंगाची परात सरकवली,
नेट येईस्तोवर खा म्हणाले.

दुसरे निवृत्त मेजर, पुण्याचे.
"शिस्त" नऊ वेळा.
इतिवृत्ताच्या समासात मी रेघा मारत होते.

तिसरी शेवंता ऐवळे.
आटपाडी डेपो, कंडक्टर. पूर्वी आपल्याच संघात, मधल्या फळीत.
अर्ज आखीव कागदावर, एक पान.
खाकीवरच आली, रजा मिळाली नव्हती,
तिकिटाचं यंत्र मांडीवर.
"दोनची आटपाडी माझी आहे. लवकर विचारा."

"हा खेळ शेजारणीला कसा समजावाल?"
"पुढं पळायचं,
पण चेंडू पुढं द्यायचा नाही, मागंच द्यायचा.
जी पळते तिला मागचं माणूस दिसत नाही,
नुसता आवाज येतो.
पहिले दोन महिने मी आवाजावर काम करीन.
चेंडूला हात नाही लावू देणार."

"आणि हरलात तर?"
"हरणारच की. दोन वर्षं हरणारच.
लिहून घ्या, नंतर तुम्ही विसराल."
मी लिहून घेतलं.

"तुम्हाला काही विचारायचंय?"
होतं.
मैदानाला दिवे कधी.
पगार महिन्याला की मालिकेला.
आणि गेल्या साली पोरींच्या बुटांचे पैसे आले होते,
तेरा जोड, ते कुणाच्या पायात गेले.
भडंग चावायचा आवाज थांबला.

मतं पडली. मेजरना दोन,
समुद्रापलीकडे एक,
तिला माझं, आणि आवटींचं.
"बाई हिशेब विचारते," एवढंच म्हणाले ते,
मिशीला हळद लागलेली.
तेवढ्यात लॅपटॉप जिवंत झाला,
मानधनाचा आकडा बोलला,
आणि पाचवं मत खुर्चीतल्या खुर्चीत
गपचूप सरकलं आमच्याकडं.
तत्त्वाचा विजय वगैरे मी काही लिहिलं नाही.
तीन विरुद्ध दोन. सही, शिक्का.

स्टँडवर गाठलं तिला, शिट्टी पुढं केली.
"ही त्यांची त्यांना नेऊन द्या," म्हणाली,
"माझी आहे."
मळक्या गोफात बांधलेली, डेपोची,
गाडी मागं घेताना वाजवायची ती.
मग एसटीच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली,
दोन टोपल्या, एक म्हातारा, एक कुत्रं बाजूला केलं,
आणि वाजवली.
ड्रायव्हरनं वळूनसुद्धा बघितलं नाही.
गाडी आली मागं, तसूभर चूक नाही.

संध्याकाळी खणभागात गेले, दस्तगीरभाईंच्या दारात.
शिट्टी घेतली त्यांनी, खिशात टाकली.
कोण झालं, विचारलं नाही.
चहा ठेवायला सांगून आत वळता वळता म्हणाले,
"दोनची आटपाडी सुटली का वेळेवर?"