शनिवार, दुसरी ब

सातपूरच्या शाळेत बाकं भिंतीला सरकवून
आम्ही फरशीवर बसतो, अठ्ठावीस मुलं आणि मी.
वही नाही, फळा नाही. चिनी आज
मैद्याची पारी लाटून बोलायची.

"च्याओ-च," मी म्हणते.
"करंजी," जुई बोरस्ते म्हणते, आणि मुरड घालते
माझ्यापेक्षा सुबक.
राहू दे. पण ऐका, या शब्दात दोन च आहेत:
पहिला चहातला, दुसरा चोरातला.
माझ्या जाड पुस्तकात यावर पाच पानं खर्ची पडलीत.
इथे पुढचे दात पडलेली पोरंसुद्धा
एका झटक्यात दोन्ही वेगळे काढतात,
न शिकवता. घरूनच आणलेले.

मग सूर. एकच "मा", चार हात.
टेबलासारखा सपाट हात: आई.
पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारा: ताग.
(ताग कुणालाच ठाऊक नाही. मी गोणपाटाचा तुकडा फिरवते,
सगळे वास घेतात, दोघं शिंकतात.)
घाट उतरून, पाण्याला शिवून वर येणारा: घोडा.
नारळ आपटावा तसा खाली: रागावणं.
ओवेसचा हात घाईत भलतीकडे वळतो,
त्याची आई घोडा होते.
वर्ग पिठात लोळतो.

मोजायला बेदाणे. दहापर्यंत एकाच हातावर.
मी डाव्या हातानं दाखवते,
उजव्यानं का नाही, हे आता कुणी विचारत नाही.
सहाला अंगठा-करंगळी उघडी, फोन कानाला लावल्यासारखी.
सुयश खैरनार उभा राहतो:
"माझे आजोबा बैलबाजारात असंच बोलतात, टीचर.
रुमालाखाली. शेजारच्याला कळत नाही भाव."
"मग तू शिकव."
पुढची दहा मिनिटं तास त्याचा.
बेदाणे तेवढ्यात संपतात,
हिशोब कुठल्याच भाषेत लागत नाही.

शेवटी पुतळ्यांचा खेळ.
सगळे पळतात, मी ओरडते, "थिंग!"
थांब.
एक पाय हवेत, नाकावर मैदा, श्वाससुद्धा अडकलेला.
अंबडला मी सात वर्षं प्रेसवर होते.
हा शब्द पहिल्यांदा ऐकला
तेव्हा कुणी खेळत नव्हतं.
तो ओरडणारा चिनी इंजिनिअर नंतर
महिनाभर दवाखान्यात येत राहिला,
बोटानं वस्तू दाखवून एकेक नाव सांगत:
पाणी. खिडकी. संत्रं. दुखतं का?
माझी शाळा ती.

"टीचर, हलू का?"
हला.

पुढच्या शनिवारी भूमी पगारे
चपला काढण्याआधीच सांगते:
"मी आईला थिंग शिकवला. वहीत काढूनपण दाखवला,
तुम्ही दारावर लावलाय तसा.
आई म्हणाली, हे चित्र तर
आमच्या मशिनवर आहे, लाल बटणाखाली.
रोज बघते, म्हणाली.
त्याला आवाज असतो हे माहीत नव्हतं."

मी परात पुढे ओढते.
पीठ आज थोडं सैल झालंय.