सवलत

साडेसहाची बामणोली राजवाडा स्टँडवरून सुटते,
आणि यवतेश्वराचा घाट संपायच्या आत
मी हा शब्द तीसेक वेळा दाबून मोकळा झालेला असतो.
यंत्रात त्याला बटण आहे.
दाबलं की तिकीट निम्म्या पैशांत जीभ बाहेर काढतं.

बाया अर्ध्या. पंच्याहत्तरीपुढचे फुकट. पोरं पासवर.
आंधळ्या मारुती गुरवाला सवलत,
आणि त्याच्या सोबत्यालाही.
दोघांत मिळून डोळे दोनच की, असं मारुतीच म्हणतो.

पेट्रीला उतरणारे शिंगटे मास्तर एकदा म्हणाले,
हा शब्द आपला नव्हे, कंडक्टर. लांबून आलाय.
मूळचा सहूलत.
म्हणजे सोपं होणं. वाट जरा मऊ होणं.
मी म्हटलं, मग त्यातला ‘ह’ कुठं गेला?
घाटात उतरला असेल, म्हणाले,
विनातिकीट.

तेव्हापासून शब्दाकडे जरा बघतो.
सूट दुकानदार देतो, मुभा साहेब देतो,
वशिला लावावा लागतो, हक्कासाठी भांडावं लागतं.
सवलत मिळते. नाहीतर जाहीर होते.
नाहीतर बंद होते.
कुणी ती कमावली
असं वाक्य अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

परवा कासच्या अलीकडे तानूबाई शेलार चढली.
मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी.
कोंबडीचं तिकीट मी विचारलं नाही,
एवढी सवलत माझ्याही हातात असते.
आधार काढ म्हटलं, मावशे,
पंच्याहत्तर भरली असली तर फुकट, नाहीतर अर्धं.
कार्डावर जन्म एक जानेवारी.
त्या खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या एकाच दिवशी जन्मल्यात.
हिचं एक वर्ष कमी पडत होतं.

“अर्धं नगं,” म्हणाली. “पुरं फाड.”

अगं, सरकारच देतंय.

तिनं हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं.
खाली धरणाचं पाणी, सकाळचं, पत्र्यागत.
“त्याच्या बुडाला आमचं जोतं हाय.
धा वर्साची आसंन मी. सायब आला, म्हनला,
उठा, तुमास्नी समद्या सवलती मिळत्याल.”

मिळाल्या?

“निम्म्या. पानी मातुर पुरं आलं.”

गाडीत कुणी हसलं नाही. कोंबडी तेवढी हलली.

मी बटण दाबलं नाही.
तिनं चंचीतनं सुटे काढले, दोनदा मोजले,
तिकीट घडी करून पदराच्या गाठीत बांधलं
आणि सीटवर अशी बसली,
मागं टेकून, कोपर खिडकीत टाकून,
की शेजारचा कॉलेजचा पोरगा आपणच सरकला.

बामणोलीला उतरून ती लाँचकडे गेली.
गेली ती त्या पाण्यावरूनच.

संध्याकाळी डेपोत हिशेब देताना
बाबर साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं.
महिला, आणि पूर्ण तिकीट? चुकून दाबलंस काय?
नाही म्हटलं.
मग शेऱ्यात लिही काहीतरी.

शेऱ्याचा रकाना बोटभर.
बराच वेळ पेन धरून उभा होतो, मागं रांग लागली.
लिहिलं:
सवलत देऊ केली. प्रवाशाने घेतली नाही.