बिनखिशाचा कोट

मशीन तीच, माझ्या लग्नात आलेली.
सुई मात्र जाड लावली,
रेक्झीन साध्या सुईला जुमानत नाही.

गावात मी पोलकी शिवते, शाळेचे ड्रेस,
पोळा आला की बैलांच्या झुली.
माणसाचं माप मला नजरेनं कळतं.
फवारणीवाल्यांचं तर पाठमोऱ्यानंही:
पट्ट्याखाली शर्ट विरलेला,
आणि मानेखालून कमरेपर्यंत
एक फिका ओघळ,
पंपाचं झाकण गळतं तिथून.
चार जणांचे चार शर्ट, ओघळ एकाच जागी.
रफू करताना दिसायचा.
मी रफू करायची.

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात.
'औषध मारायले गेले', बाया सांगतात,
जसं कुणी तापाची गोळी आणायला गेलं.
डब्यावर लाल त्रिकोण असतो,
खाली मुंगीएवढी अक्षरं.
उरकुडा मडावी हसून म्हणाला होता,
"हा तं पाळणा लांबवाचा त्रिकोण हाय नं बाई?"
आम्ही सगळे हसलो होतो.

यंदा पऱ्हाटी त्याच्या नाकापर्यंत आली.
नोझल वर धरायचा, वारा उलटा.
दुपारी बांधावर येऊन बसला,
"धुकं पडलं का गा?"
ऊन तर असं, की डोळे मिटावेत.
ग्रामीण रुग्णालयात नऊ दिवस.
परत आला तो पॅन्ट कमरेत आवळून घ्यायला.
टेप त्यानंच धरली.
आकडा मात्र मी वाचला.

सरकारी किट आलं होतं मागे एकदा.
दहा वाजता आत घामाचं तळं,
अकराला ते बुजगावण्याच्या अंगावर.
बुजगावण्याला काही झालं नाही.

म्हणून मी पहिला कोट शिवला सुती, जुन्या चादरीचा.
कृषी सहायक करुणा खोब्रागडे, पोरगीच ती,
तिनं तांब्यातलं पाणी चादरीवर टाकलं
आणि खाली माझा तळहात धरला.
"ताई, सूत पिते. मंग अंगाले पाजते."
हात ओला.
कापसासाठीच फवारायचं,
आणि कापूसच पाठीशी दगा करतो.

मग पुढं-मागं रेक्झीन, काखेखाली जाळी,
गळा उंच, बाहीला रबर, बंद मागून.
दोन उसवले, तिसरा बसला.
मापं द्यायला आठही जण आले.
एकच मागणी:
"खर्रा ठेवाले एक खिसा टाक."
नाही.
"लहानसा."
नाही म्हणते नं.
डब्याचा हात खिशात,
खिशातला खर्रा तोंडात.
नळीचा रस्ता मी शिवून देणार नाही.

शेतवाले म्हणाले, तीनशेचा कोट, कोण देईन?
त्या सकाळी आठ पंप
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रांगेत, रिकामे.
कुणी घोषणा दिली नाही.
कुणी उचलला नाही, एवढंच.
"पयले कोट, मंग पंप," सुकळू एकदा बोलला,
आणि खाली बघून तळव्यावर चुना मळत बसला.
तिसऱ्या दिवशी पैसे आले. पाच कोटांचे.
आठात पाच.
तिघं त्या दिवशी निंदायला गेले, बायांच्या मजुरीवर.

कोट घरी न्यायचा नाही, असं ठरलंय.
हापशीजवळच्या खिळ्याला अडकवायचा,
हात कोपरापर्यंत, साबणानं,
मग पोराला उचलायचं.
रोज कुणीतरी विसरतं. रोज हापशीवरून ओरडा होतो.

उरकुडा आता पंप घेत नाही.
माझ्या दाराशी बसून रबर कापतो,
वितीनं मोजून, डोळ्यानं नाही.
उरलेले तीन कोट संध्याकाळी त्याच्या मांडीवर देते.
तो एकेकावरून हात फिरवतो,
पुढून, मागून, आतून,
कुठं खिसा राहिला का म्हणून,
आणि घडी घालतो.