तीस इंच

मार्लिस ट्वेटकडे तीन बास गिटार आहेत,
तिन्ही आखूड मानेच्या,
तिन्ही मिळून एका चांगलीच्या किमतीत.

डुलुथच्या रस्त्यांवर बर्फ सारणारा ट्रक
बावीस हिवाळे चालवला,
त्यात बोटं आखडली.
चौतीस इंचीवर पहिल्या घरापर्यंत
हात पोचेस्तोवर गाणं पुढे निघून जायचं.

लाल, पॉनशॉपमधली, एकशेदहा डॉलरची.
हात काढला की डोकं खाली घालते,
जेवणावर रुसलेल्या पोरीसारखी.
पट्ट्याला आतून खरबरीत चामडं शिवलं,
तेव्हा जरा ताठ राहते.

काळी नवी, खोक्यातून आली, देखणी.
पण जाड तार कपड्यांच्या दोरीसारखी लोंबते.
तारा बदलल्या. बदललेल्या तारांची किंमत
ती नवऱ्याला सांगत नाही.

तिसरी पोकळ, मधाच्या रंगाची;
अँप बंद असला तरी पोटाला ऐकू येते.

शनिवारी बोलिंग अ‍ॅलीत
ड्रमवाल्या ओरिनला तिने भिंतीकडे तोंड करायला लावलं.
तेच बारा सूर, एकापाठोपाठ एक, तिन्हींवर.
"आता सांग."

तो बराच वेळ वळलाच नाही.
मागे कुणीतरी स्ट्राइक मारला, टाळ्या पडल्या.
"एकच तर वाजवलीस," म्हणाला,
"तीनदा.
दुसऱ्या वेळी जरा घाईत होतीस."

परतताना ती ट्रकसारखी गप्प होती,
इंजिन चालू, दिवे लांबवर.

पहाटे तीनला, बर्फाचा फोन यायच्या आधी,
स्वयंपाकघरात उभ्या उभ्या
चौथीचं वजन वाचत होती:
सात पौंड. निळी.