पट्ट्याचा रंग

मकबूल भंगारवाल्याच्या काट्यावर
तीन डबे. मुठीएवढे. कडी असलेले.
अक्कलकोट रोड भरदुपारी बंद.

मुखवट्यातला साहेब दुर्बिणीतून बघतो,
वही उलटतो, फोनवर पुण्याला सांगतो:
"पट्टा पिवळा आहे. किंवा राखाडी. खात्री नाही."
राखाडी म्हटल्यावर सगळे दहा पावलं मागं.

मी म्हटलं, द्या की जरा दुर्बीण.
एकतीस वर्षं रंगखात्यात काढली,
चादरीचा लाल उन्हात कसकसा मरतो
ते मला विचारा:
आधी विटकरी, मग गेरू, मग नुसती आठवण.
"हा लाल होता, साहेब."

लाल म्हणजे काय, तो सांगत नाही.
फक्त लिहितो:
कुरापाटी राजेशम, निवृत्त, म्हणतात लाल.

वाळूच्या पेटीत डबे निजवून गाडी गेली.
काय निघालं, कुणी कळवलं नाही.

मकबूलचा पोरगा सकाळी त्यातलाच एक
कानाशी हलवून बघत होता.
त्याचा हात मी हातात घेतला,
नखांपर्यंत पाहिला.
माझ्या नखात अजून निळा आहे.
त्याच्या नखात काहीच नव्हतं.

रंग नसलेल्याचं
मला काय कळतंय.