दोन तासांची फेरी

इनास कुलासोंनी एकतीस वर्षं फेरीबोट चालवली,
दिवाडीहून जुन्या गोव्याला, जुन्या गोव्याहून दिवाडीला.
आता ते अलतडीहून पलतडीला जातात
दर दोन तासांनी, माझ्या हातांवर.

नऊला उजवी कूस. अकराला उताणे.
एकला डावी, पण थोडाच वेळ,
कारण डाव्या खांद्याला आता मालक नाही,
तो दबला तरी कुणाला सांगणार नाही.

गुडघ्यांमध्ये उशी, पाठीमागे गुंडाळलेली चादर,
घोट्यांखाली टॉवेल, टाचा हवेत.
कमरेखालच्या हाडावर एक तांबूस ठिपका:
अंगठ्याने दाबते, सोडते, बघते.
पांढरा होतो, परत लाल होतो.
म्हणजे तिथलं रक्त अजून येऊन-जाऊन आहे.
बरं.

संध्याकाळी पेज.
ताटाच्या उजव्या बाजूची पेज संपते, लोणचं संपतं,
डाव्या बाजूला सुकं गालमो तसंच,
जणू तिकडे जगच नाही.
"जेवलों हांव," ते म्हणतात.
मी ताट फिरवते, अर्धा वेढा.
"आगे, आनीक आसा तर!"
रोज तेवढंच आश्चर्य.
मिंगेलीनबाई हसतात आणि मग आत जाऊन
बराच वेळ नळ सोडून उभ्या राहतात.

कान मात्र शाबूत.
जेटीवर साखळी वाजली की बोट ओळखतात,
इंजिन खोकलं की नाव घेऊन शिवी देतात.
काल म्हणाले, रांप वर घेतली नाही अजून,
पाणी आत येईल.
मी उठले आणि खिडकी लावली.
दुसरं काय वर घ्यायचं, मला सुचलं नाही.

तीनला ते गाढ झोपलेले असतात,
तोंड उघडं, श्वास संथ, भरतीचा.
आणि घड्याळ म्हणतं, वळव.
झोप मोडू की कातडी?
पुस्तकात दोन्ही धडे आहेत,
लागोपाठ,
एकमेकांशी न बोलणारे.
मी पंधरा मिनिटं थांबते.
वहीत तीनच लिहिते.

त्याच पुस्तकात शेवटी वाढ आणि विकास:
तिसऱ्या महिन्यात मान धरणं,
पाचव्यात पालथं पडणं,
पानंच्या पानं, चित्रांसह.
सत्तरीच्या पुढचं सगळं मिळून अर्धं पान,
त्यातही एक चौकट रिकामी, नोंदींसाठी.

वाळपईहून ताईने व्हिडिओ पाठवला.
तिचं बाळ पालथं पडलं, हात अंगाखाली अडकला,
रडलं, आणि सगळं घर टाळ्या वाजवतंय,
भावोजी, शेजारचे गांवकर, गॅस घेऊन आलेला माणूससुद्धा.
आवाज बंद करून मी तो इथे पाहिला,
पलंगाच्या पायथ्याशी बसून, चार वेळा.

आणि परवा पहाटे,
मी चादरीला हात घालायच्या आधी
इनासबाबांनी उजवा गुडघा वर घेतला.
स्वतःहून.
टाच गादीत रोवली, कठडा धरला,
कूस बदलताना त्यांचं अर्धं वजन
त्यांनीच नेलं.
टाळ्या कशा वाजवणार?
मिंगेलीनबाई किती रात्रींनंतर झोपल्या होत्या,
हातातली तेर्साची माळ सुटून खाली पडली होती.
वहीत लिहिलं: वळताना रुग्णाने मदत केली.
शाई जरा जास्त दाबली गेली.

आता पहिली फेरी यायची वेळ.
पलीकडे जाऊन बस, मग खोली, मग पडदे लावून
दिवसाची झोप, जी झोप नव्हेच.
उठते, तर एका जागी बसून डाव्या पायाला मुंग्या.
उभं राहवत नाही,
पाऊल टाकलं की सुया.

लंगडत त्यांच्या पलंगाशी जाते,
गोधडी बाजूला करून
त्यांच्या डाव्या तळव्यावर बोट ओढते,
टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश.
"कितें करता गे?"
काही नाही बाबा.
काही कळतंय?
ते थोडा वेळ ऐकतात,
दूरच्या बोटीला ऐकावं तसे.
"ना," म्हणतात. मग,
"परतून कर."